रेटिनाच्या कार्यशाळेसाठी बकऱ्याचा डोळा: खाटकाच्या ओट्यापासून काचपट्टीपर्यंत

दृष्टिविज्ञानाच्या परिषदेत गँग्लियन पेशींवर, म्हणजे डोळ्यातला संदेश मेंदूकडे पाठवणाऱ्या चेतापेशींवर, दिवसभर बोलणे होते. पण या पेशी डोळ्याच्या मागच्या ज्या पडद्यात, म्हणजे रेटिनात, असतात, तो ऐकणाऱ्यांपैकी अनेकांनी कधी हातात घेतलेला नसतो. ही उणीव भरून काढणारी दोन तासांची कार्यशाळा नागपुरात सहज जमते, फक्त ती सकाळी घ्या. बकरा कापला जातो पहाटे आणि आयोजक प्रात्यक्षिक ठेवतात जेवणानंतर तीनला. तोवर रेटिना पांढरट आणि लिबलिबीत होतो, ब्रश लागताच फाटतो. कापल्यापासून चार तासांच्या आत डोळा उघडलेला असावा.

मोमिनपुऱ्यात किंवा तुमच्या नेहमीच्या मटणवाल्याकडे आदल्या दिवशीच सांगून ठेवा: डोळे हवेत, मुंडी भाजायच्या आधी. केस जाळायला मुंडी आगीवर धरतात. त्या आचेत कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, उकडलेल्या अंड्यासारखा पांढरा होतो आणि आतला पडदाही शिजतो. मागची चेतातंतूची दांडी निदान अर्धा सेंटिमीटर राहू द्यायला सांगा. वीस जण जोडीने बसणार असतील तर 10 डोळे लागतात, पण 16 आणा, म्हणजे आठ बकऱ्यांचे. काही डोळे काढतानाच टोचले जातात. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला आधी लेखी कळवा. खाटकाकडचा उपउत्पाद असला तरी विचारणा होतेच.

आणताना दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे डोळे थेट बर्फात टाकणे. गोठलेल्या ऊतीत बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात. दुसरी म्हणजे साध्या पाण्यात बुडवणे. पाणी पेशींत शिरून त्या फुगतात, कॉर्नियाही धुरकट होतो. एक लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ असे सलाइन करा, त्यात भिजवलेल्या गॉजमध्ये डोळे गुंडाळून डब्यात ठेवा आणि तो डबा बर्फाच्या थर्माकोल पेटीत. मे महिन्यात पारा 45 अंशांवर असतो. स्कूटरच्या डिकीत पेटीशिवाय अर्धा तास गेला तर पुढचे काही वाचूच नका.

टेबलावर आधी बाहेरची चरबी आणि स्नायू कात्रीने छाटा. कॉर्नियाच्या कडेपासून साधारण 5 मिमी मागे 11 नंबरच्या ब्लेडने छिद्र पाडा, मग बारीक कात्रीने गोल कापत जा. कात्रीचे टोक आत खोल जाऊ देऊ नका, नुसते भिंतीला चिकटून चालवा. पुढचा भाग भिंगासकट उचलताना पारदर्शक जेली, म्हणजे व्हिट्रियस, ओढली जाते.

बहुतेक रेटिना इथेच वाया जातात. व्हिट्रियस रेटिनाला ठिकठिकाणी चिकटलेला असतो, तो खेचला की पडदा सोबत येतो आणि चुरगळतो. म्हणून खेचू नका. एका हाताने पुढचा भाग किंचित वर धरा, दुसऱ्या हाताने जेलीच कात्रीने कापत सोडवा. उरलेली जेली गाळणकागदाच्या टोकाला चिकटते, ती थोडी थोडी वेचा. घाई करणाऱ्याला एखादा खराब डोळा द्या. एकदा फाटला की त्याचा हात आपोआप हलका होतो.

आता वाटीसारख्या मागच्या भागात सलाइन ओता. रेटिना पुढच्या कडेला आणि मागे चेतातंतूच्या चकतीला (दांडी जिथून बाहेर पडते तिथे), या दोनच ठिकाणी घट्ट धरलेला असतो. पुढची कड तर कापली गेलीच आहे. शून्य नंबरच्या मऊ ब्रशने कडेपासून चकतीकडे हळूहळू सरकवला की दुधावरच्या सायीसारखा तो तरंगतो. त्याच्या मागे वरच्या अर्ध्या भागात निळसर-हिरवा झळाळता थर दिसतो. तो टॅपेटम, प्रकाश परत फेकणारा थर. डोळ्याची वरची बाजू कुठली, हे खूण करायची राहिली असली तरी त्यावरून कळते. मध्यभागी फोविआ, म्हणजे माणसाच्या डोळ्यातला सर्वांत स्पष्ट दिसण्याचा खळगा, शोधत बसू नका, बकऱ्याला तो नसतो. बाहुली आडवी तशी पेशींची दाट पट्टीही आडवी.

चकतीच्या मागून दांडी कापा, म्हणजे रेटिना सुटतो. मोठ्या पसरट ब्रशने सलाइनमधूनच जिलेटिन लावलेल्या काचपट्टीवर घ्या, चिमट्याने नव्हे. कडेपासून मध्याकडे दोन-तृतीयांश अंतरापर्यंत चार चिरा द्या, दिशा कळावी म्हणून वरची चीर थोडी लांब ठेवा, आणि पाकळ्या उलगडा. चिरा न देता सपाट करायला गेलात तर वाटीची गोलाई सुरकुत्यांत जाते. रक्तवाहिन्या ज्या बाजूला आहेत ती गँग्लियन पेशींची बाजू, ती वर हवी. सूक्ष्मदर्शकात वरून खाली फोकस करताना रक्तवाहिन्या आधी दिसल्या तर बरोबर.

एक भाग बाजारातले फॉर्मालिन आणि नऊ भाग सलाइन असे द्रावण करून अर्धा तास ठेवा, धुवा, मग 0.1 टक्के टोल्युइडिन ब्लू या रंगात एक-दोन मिनिटे. पेशींऐवजी सगळीकडे जांभळट धुके दिसले तर रंगाचा दोष नाही, व्हिट्रियस राहिला आहे.

फॉर्मालिनचे काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करा. नागपूरच्या हॉलमधला कूलर तो वास शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो आणि उघडी काचपट्टी पाच मिनिटांत वाळवतो. कूलर बंद करून एसी असलेली खोली मागा.

पेशींच्या विद्युत नोंदी करायच्या असतील तर हा डोळा निरुपयोगी. त्यासाठी काढल्यापासून काही मिनिटांत ऑक्सिजन मिसळलेल्या, कोमट माध्यमात रेटिना जावा लागतो.

उरलेले अवयव जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत आणि ब्लेड पंक्चर न होणाऱ्या पांढऱ्या डब्यात. भिंगे मात्र लगेच टाकू नका. वर्तमानपत्रावर ठेवली की अक्षरे मोठी दिसतात, आणि मांसाला हात न लावणाऱ्या पाहुण्यांनाही काहीतरी पाहायला मिळते.