बंद पडलेल्या गोष्टींची वही

एक बायोडेटा वाचायला मला दोन मिनिटं लागतात आणि त्यातलं दीड मिनिट 'प्रोजेक्ट' या एकाच मथळ्याखाली जातं. वर पायथन, जावा, मशीन लर्निंग, क्लाउड, ब्लॉकचेन अशी चौदा नावं ओळीनं मांडलेली असतात. तिथे नजर थांबत नाही, कारण ती यादी सगळ्यांची सारखीच असते. माझं काम एम्बेडेड सिस्टिमचं, म्हणजे छोट्या कंट्रोलरवर चालणारं सॉफ्टवेअर आणि त्याच्या भोवतीचं सर्किट. एकवीस वर्षं हेच करतेय, आणि शेवटची नऊ वर्षं नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेते. माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: "तुम्ही केलेलं काहीतरी चालत नव्हतं आणि मग ते चालू झालं, असं एक उदाहरण सांगा."

चौदा नावंवाले बहुतेक इथेच अडतात. एकदा मात्र एका मुलीनं उत्तर द्यायच्या आधी पिशवीतून एक मळकी वही काढली. "मॅडम, बघून सांगितलं तर चालेल?" मी म्हटलं, वहीच द्या इकडे.

त्यातली एक नोंद मला अजून आठवते. तिनं पाण्याच्या टाकीचं तापमान मोजणारा सेन्सर आय-टू-सी बसवर, म्हणजे चिपांना एकमेकींशी बोलायला लागणाऱ्या दोन तारांच्या जोडणीवर, जोडला होता. टेबलावर सगळं ठीक. टाकीवर नेला की अधूनमधून वाचन हुकायचं. पहिल्या दिवशी तिनं कोडवर संशय घेतला, मध्ये डिले टाकला. 'फरक नाही.' दुसऱ्या दिवशी सेन्सरच्या पायापाशी व्होल्टेज मोजलं. '३.३ बरोबर.' तिसऱ्या दिवशी बसचा वेग १०० किलोहर्ट्झवरून ५० वर आणला. 'हुकणं कमी झालं. का?' त्या 'का'खाली तिनं दोनदा रेघ मारली होती.

मग तिनं लॅबमधला ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र, मागून आणला. सिग्नल सरळ उभा चढायला हवा होता, तो टेकडीसारखा सावकाश चढत होता. या बसवर चिप तार फक्त खाली ओढू शकते; परत वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टरचं. टेबलावरची तार वीतभर होती, टाकीपर्यंतची दोन मीटर. तार लांबली की कपॅसिटन्स, म्हणजे तिची विद्युतभार साठवायची क्षमता, वाढतं आणि चढ मंदावतो. तिनं वहीत आकडेमोड केली होती: १० किलोओहम गुणिले अंदाजे २०० पिकोफॅरड म्हणजे २ मायक्रोसेकंद, त्याच्या ०.८५ पट धरून चढायला १.७ मायक्रोसेकंद. स्टँडर्ड मोडमध्ये, म्हणजे बसच्या १०० किलोहर्ट्झपर्यंतच्या वेगाला, मर्यादा १ मायक्रोसेकंदाची. रेझिस्टर २.२ किलोओहमचा लावला, चढ ०.४ च्या आत आला, आणि वाचन हुकणं थांबलं.

हे काही फार मोठं काम नव्हे. पण पुढचा अर्धा तास आम्ही त्या एका पानावर बोललो आणि तिला बाकीचं फारसं काही विचारावंच लागलं नाही.

म्हणून तंत्रज्ञान किंवा इंजिनीअरिंगच्या वाटेवर निघालेलं कुणी मला 'काय शिकू' असं विचारतं तेव्हा मी आधी वही घ्यायला सांगते. ब्रँच कुठलीही असो. प्रत्येक नोंदीत तारीख, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, मी काय बदललं आणि त्यानंतर काय झालं, एवढं लिहायचं. शेवटी 'कारण' असा शब्द लिहून पुढे जागा सोडायची. कारण सापडेपर्यंत ती जागा मोकळी राहू द्या. अंदाज लिहायचाच असेल तर पेन्सिलीनं लिहा.

१९४७ साली हार्वर्ड मार्क २ या संगणकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग हा किडा सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. बिघाडासाठीचा 'बग' हा शब्द तिथून आला असं म्हणतात, ते खरं नाही; एडिसननं १८७८ सालच्या एका पत्रात तो याच अर्थानं वापरला आहे. मला त्या पानावर पतंगापेक्षा शेजारची अक्षरं आवडतात: ९ सप्टेंबर, दुपारी पावणेचार, पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०. नोंद असावी तर अशी. 'मशीन बिघडलं, नंतर चालू झालं' याला नोंद म्हणत नाहीत.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मी स्वतः मोडून शिकले. पहिल्या नोकरीत आमचं एक बोर्ड मोटर सुरू होताना रीसेट व्हायचं. रात्रीचे आठ वाजलेले, सकाळी माल निघायचा. मी सप्लायवर एक मोठा कपॅसिटर लावला आणि त्याच बैठकीत कोडमध्ये मोटर हळूहळू सुरू करायची सोयही केली. रीसेट थांबला, मी घरी गेले. सहा महिन्यांनी खर्च कमी करायच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, हा कपॅसिटर लागतो का? मला सांगताच येईना, कारण दोन्ही बदल एकदमच केलेले. 'बहुतेक नाही लागत,' असं मी म्हणून बसले. पुढची बॅच गिऱ्हाइकाकडून परत आली आणि दोन आठवडे मी हातानं कपॅसिटर डकवत बसले. नोंदवहीतलं त्या रात्रीचं पान कोरं आहे.

आता वहीत लिहायला बिघाड आणायचे कुठून? व्हिडिओ बघून केलेले दहा प्रोजेक्ट त्याला उपयोगाचे नाहीत. त्यात जे बिघडायचं ते व्हिडिओवाल्याकडे आधीच बिघडून दुरुस्त झालेलं असतं. एकच गोष्ट बनवा, पण तुमच्याशिवाय दुसरं कुणीतरी ती निदान तीन महिने वापरेल अशी. कॉलेजच्या ग्रंथालयासाठी पुस्तक शोधायचं छोटं ॲप, वर्कशॉपमधल्या एखाद्या यंत्राचं जिग (काम जागच्या जागी धरून ठेवणारा साचा), झाडांना पाणी सोडणारा कंट्रोलर, काहीही चालेल. दिवस वाढले की निराळेच बिघाड भेटतात. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी भरतो आणि पुन्हा शून्यावर येतो. 'आत्ताची वेळ ठरलेल्या वेळेपेक्षा मोठी झाली का' अशी तुलना तुम्ही केली असेल, तर पाणी त्या दिवशी चुकीच्या वेळी सुटेल किंवा सुटणारच नाही. 'आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा केली तर किती उरतं' असं बिनचिन्ह, म्हणजे ऋण न होणाऱ्या, संख्येत विचारलं की काउंटर मधे शून्यावर आला तरी उत्तर बरोबर येतं. दोन दिवसांच्या डेमोत हा प्रसंग येणं शक्यच नाही.

सिव्हिल-मेकॅनिकलवाले म्हणतील, आम्ही काय पूल पाडून शिकायचं? तुमच्यासाठी चौकशी अहवाल आहेत. महिन्याला एक वाचा आणि त्याची वहीत नोंद करा. १९८१ साली कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलात अधांतरी टांगलेले दोन पादचारी मार्ग कोसळून ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून निघालेल्या एकाच अखंड सळईवर वरचा आणि खालचा असे दोन्ही मार्ग टांगायचे होते. बांधताना सोयीसाठी तिच्या दोन सळया झाल्या: एक छतापासून वरच्या मार्गापर्यंत, दुसरी वरच्या मार्गापासून खालच्यापर्यंत. कागदावर फरक अगदी किरकोळ दिसतो. पण त्यामुळे वरच्या मार्गाच्या तुळईखालच्या नटवर त्या मार्गासोबत खालच्या मार्गाचंही वजन आलं, म्हणजे दुप्पट. हे चित्र स्वतः काढा, बाण दाखवा, नटवर किती बळ येतं ते लिहा. दहा मिनिटांत स्टॅटिक्सचा एक धडा अंगात मुरतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी १९९६ सालच्या एरियान ५ रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाचा अहवाल वाचावा. एरियान ४ मधून जसंच्या तसं उचललेलं कोड, ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांत कोंबायचा प्रयत्न, आणि उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत रॉकेटचा चक्काचूर.

कुठली भाषा, कुठलं टूल, यावर मला फार बोलायचं नाही. एक भाषा नीट, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन), लिनक्सची कमांड लाइन, एक डेटाबेस, आणि नेटवर्कवर पाकीट इकडून तिकडे कसं जातं याची जाण. सी भाषा १९७२ च्या आसपासची, डेटाबेसची एसक्यूएल सत्तरच्या दशकातली, इंटरनेटच्या पूर्वजानं पाकिटं पाठवायचे टीसीपी-आयपी हे नियम स्वीकारले १९८३ मध्ये. माझं पोट अजून त्यांच्यावरच भरतं.

एआयचं मात्र सांगायला हवं, कारण आता प्रत्येक जण ते विचारतो. मीही वापरते. पण आधी आपला अंदाज वहीत लिहायचा आणि मगच त्याला विचारायचं. उलट क्रमानं केलंत तर उत्तर मिळेल, पण तुमचा अंदाज कुठे चुकला ते कधीच कळणार नाही, आणि पगार तर त्याचाच मिळतो. दुसरं, त्यानं दिलेल्या कोडमध्ये एखाद्या रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या छोट्या साठवण-कप्प्याचा, पत्ता किंवा मर्यादेचा आकडा असेल तर डेटाशीट, म्हणजे चिप बनवणाऱ्याचं माहितीपत्रक, उघडून तो पडताळा आणि शेजारी पान क्रमांक लिहा. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या चिपचं रजिस्टर त्यानं मोठ्या आत्मविश्वासानं दिल्याचं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. कोड कंपाइल होतं, बोर्ड गप्प बसतं.

बायोडेटा या वहीतूनच निघतो. 'आय-टू-सी सेन्सर इंटरफेसिंग' असं लिहिलंत तर मला काहीच कळत नाही. त्याऐवजी: 'दोन मीटर तारेवर सेन्सरचं वाचन हुकत होतं, ऑसिलोस्कोपवर चढ मोजून पुल-अप १० वरून २.२ किलोओहम केला. नंतर आठवडाभरात एकही वाचन हुकलं नाही.' अशा तीन-चार ओळी पुरतात. एक पान खूप झालं. पण त्यातलं एकही वाक्य असं नको, ज्यावर मी 'का?' असं तीनदा विचारलं तर तुमचा घसा कोरडा पडेल.

मुलाखतीत येत नसेल तर 'येत नाही' म्हणा, पण तिथे थांबू नका. 'येत नाही, पण शोधायचं झालं तर आधी अमुक मोजेन' हे दुसरं वाक्य आम्ही कान देऊन ऐकतो. आणि ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा फक्त रिपोर्ट लिहिण्याचा असेल तर तसंच सांगा. खोटं चौथ्या मिनिटाला उघडं पडतं, आणि मग उरलेली वीस मिनिटं दोघांनाही जड जातात.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' असं आम्ही म्हणतो, तेव्हा मान हलवून गप्प बसू नका. दोन प्रश्न विचारा. पहिल्या सहा महिन्यांत माझं काम कोण तपासेल? कुणाचंही नाव किंवा हुद्दा पुढे आला नाही, तर तिथे तुम्हाला शिकवायला कुणी नाही असं समजा. आणि गेल्या महिन्यात तुमच्याकडे काय बंद पडलं होतं, ते कसं सापडलं? यावर समोरचा माणूस हसून खुर्ची पुढे ओढून सांगायला लागला तर ती जागा बरी. 'आमच्याकडे काही बंद पडत नाही' असं उत्तर आलं, तर घरी जाऊन दुसऱ्या मुलाखतीची तयारी चालू ठेवा.