लॉन मोवरचा गंजलेला डेक: पत्र्याचं ठिगळ आणि टिकणारा रंग

बसून चालवायच्या मोवरचा डेक, म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं झाकण, वरून चकचकीत दिसला तरी सडतो तो खालून. कापलेलं ओलं गवत आतल्या कडांना आणि स्पिंडलच्या (पातं फिरवणाऱ्या दांड्याच्या) बुडाशी चिकटतं, ते वाळायच्या आत पुढचा थर बसतो आणि पत्रा कायम ओला राहतो. लॉनवर युरिया पडत असेल तर गंज आणखी लवकर धरतो. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर गवतही जोरात आणि हवाही दमट, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच उरकावं. दमट पत्र्यावर रंग पकड धरत नाही.

आधी प्लगची वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. बेल्ट कोणत्या पुलीवरून कसा जातो याचा फोटो घ्या, मग डेक उतरवून पाती, पुली आणि स्पिंडल सगळं सोडवा. स्पिंडल जागेवर ठेवून वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगमधून जाऊन ती खराब होते.

गवताचा थर पटाशीने खरवडा, उरलेला ग्राइंडरच्या कप ब्रशने काढा. चष्मा आणि मास्क घालाच. आता हातोडीने सगळीकडे वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर पत्रा चांगला, बद्द आला तर तिथे तो आतून खाल्लेला आहे.

सगळ्यात जास्त वेळ स्पिंडलच्या बैठकीला, म्हणजे तो डेकवर बोल्टने बसतो त्या जागेला द्या, कारण पात्याचा सगळा हादरा तिथे येतो. तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर वेल्डच्या पुढे तडा पळतच राहतो. मग व्ही खाच करून भरा. बैठक पातळ झाली असेल तर ५ मिमीची प्लेट जोडा, पण वेल्डिंगआधी स्पिंडल बोल्टने बसवून भोकं जुळतात का बघा आणि तो पुन्हा काढा. बैठक तिरकी झाली की पातं एका बाजूला खाली येतं आणि लॉनवर पायऱ्या उमटतात. दोन बैठका गेल्या असतील तर दुरुस्तीपेक्षा नवा डेक बरा.

कडेला भोक असेल तर गंजाच्या पलीकडे किमान २० मिमी, चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. पुठ्ठ्याचा साचा घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या (कारखान्यांच्या भागातल्या) फॅब्रिकेटरकडून तेवढ्याच जाडीचा पत्रा वाकवून आणा. ठिगळ वर चढवू नका, कडेला कड भिडवा. चढवलेल्या ठिगळाच्या सांध्यात पाणी साठतं. दर २५-३० मिमीवर टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) मारा आणि आलटून-पालटून जागा बदलत भरा, नाहीतर पत्रा तापून वाकतो. वेल्डिंगचा रॉड वापरत असाल तर २.५ मिमीचा, ६०१३ क्रमांकाचा, साधारण ७०-८० अँपिअरवर. आतला वेल्डही घासून सपाट करा, कारण खडबडीत जागी गवत पहिलं चिकटतं.

खड्ड्यात उरलेल्या गंजालाच फॉस्फोरिक ॲसिडचा कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारं द्रावण) लावा, धुऊन पूर्ण वाळवा. थिनरने पुसून झिंक फॉस्फेटचा टू-पॅक (दोन डबे मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर दोन हात मारा. मेच्या उन्हात तो डब्यात लवकर घट्ट होतो, म्हणून थोडाथोडाच कालवा. वरच्या बाजूला पीयू (पॉलियुरेथेन) रंग हवाच, कारण उन्हात इपॉक्सी भुकटतो. आतून डांबरी कोटिंग नको: खडा लागून ते उचकटलं की पाणी त्याच्यामागे अडकतं आणि गंज दिसतही नाही. रंगानंतर सात दिवस मशीन थांबवा.

पुढे प्रत्येक कापणीनंतर इंजिन बंद करून, प्लगची वायर काढून डेक खरवडा. धुतलात तर पाती दोन मिनिटं फिरवून पाणी झाडा. प्रेशरचा पाइप मात्र स्पिंडलवर कधीच धरू नका.