दहावीनंतर शाखा निवडण्याआधी मुलाचा कल कसा ओळखावा

“मोठेपणी काय व्हायचंय?” हा प्रश्न आजपासून बंद करा. पंधरा वर्षांच्या मुलाला माहीत असलेले व्यवसाय मोजून दहा-बारा. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, पोलीस, घरचा धंदा असेल तर तो, आणि मोबाइलवर दिसणारे दोन-चार. त्यातलं एखादं नाव ते सांगून मोकळं होतं आणि आई-वडील क्लासच्या चौकशीला निघतात. “मुलालाच विचारा ना, त्याला काय आवडतं” हा सल्लाही तितकाच कुचकामी. आवड विचारून कळत नाही, बघून कळते. आणि काय बघायचं हे ठरलेलं नसेल, तर वर्षभर बघूनही कळत नाही.

सुरुवात नववीच्या दिवाळीत करा. ते राहून गेलं असेल तर दहावीची परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत जवळपास दोन महिने मिळतात, तेही पुरतात. निकालानंतर मात्र अर्ज, कागदपत्रं, कटऑफ आणि नातेवाईकांचे फोन एवढंच होतं.

पायरी १ : वही

शंभरपानी साधी वही घ्या आणि चार आठवडे रोज दोन ओळी लिहा. डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, किती वेळ चाललं ते लिहायचं, विशेषणं लिहायची नाहीत. “आळशीपणा केला” ही नोंद नव्हे. “दुपारी भावाची सायकल उलटी करून चेन बसवली, ४० मिनिटं, हात काळे, जेवायला दोनदा हाक मारावी लागली” ही नोंद. वही ठेवतोय हे मुलाला सांगून टाका. पण त्याचा मोबाइल तपासायला जाऊ नका. तपासलात, की पुढे ते तुम्हाला दाखवायचं तेवढंच दाखवतं आणि वही वाया जाते.

चारपैकी एक आठवडा तरी नेहमीपेक्षा वेगळा असू द्या: गणपती, स्नेहसंमेलन, घरचं लग्न, गावची जत्रा. शाळा, क्लास, जेवण, झोप यांत मुलाला निवड करायला जागाच नसते, त्यामुळे नोंदायलाही काही मिळत नाही.

पायरी २ : नोंदींतून क्रियापद काढणं

घोडं अडतं ते इथे. अनेक पालक नोंदी उत्तम ठेवतात आणि शेवटी वर मथळा देतात, “क्रिकेटची आवड”. सगळं मुसळ केरात. क्रिकेट हा विषय झाला. विषयावरून कल कळत नाही, कारण विषय लाखोंना आवडतात. मूल त्या विषयात करतं काय, हे शोधायचं असतं. तेच त्याचं क्रियापद.

एकाच सोसायटीतली क्रिकेटवेडी पाच मुलं घ्या. पहिला खरोखर खेळतो, पाऊस असला तरी जिन्याखाली चेंडू भिंतीवर मारत बसतो. दुसरा स्कोअर लिहितो आणि मागच्या तीन सामन्यांत कोणी किती चेंडू खाल्ले ते तोंडपाठ सांगतो. तिसरा अकरा टाळकी जमवतो, चेंडूचे पैसे गोळा करतो, पलीकडच्या सोसायटीशी वेळ ठरवतो आणि काच फुटली की काकूंची समजूतही तोच काढतो. चौथा कठड्यावर बसून समालोचन करतो आणि खेळ सोडून लोक त्याचंच ऐकतात. पाचवा बॅटची ग्रिप बदलतो, फुटलेल्या हँडलला दोरा गुंडाळतो. खेळणं, मोजणं, माणसं जुळवणं, बोलणं, दुरुस्त करणं: क्रियापदं पाच, वाटाही पाच. पाचही जणांच्या वहीत “क्रिकेट” लिहून मोकळं झालं तर हाती काहीच लागत नाही. उलट पाचांपैकी चौघांना “क्रिकेटमध्ये करिअर नसतं” हे उगाच ऐकून घ्यावं लागतं.

गणपतीचे दहा दिवस यासाठी सोन्यासारखे, कारण मंडळात कामं वाटून दिली तरी चार दिवसांत आपोआप बदलतात. वर्गणीच्या पावत्या फाडायला दिलेला पोरगा पाचव्या दिवशी कुठे सापडतो ते बघा. लाइटची माळ बंद पडली की एक जण “नवी आणू या” म्हणतो, दुसरा पैसे किती उरलेत ते बघतो, आणि तिसरा टेस्टर घेऊन एकेक बल्ब काढून बघत आरती होईपर्यंत मांडी मोडत नाही. या तिसऱ्याला विज्ञानात ६२ मार्क असतील. तरी त्याच्या वहीत “दोष शोधतो” हे ठळक लिहा. ६२चा प्रश्न वेगळा, तो नंतर बघू.

क्रियापद खरं की तात्पुरतं, हे तपासायच्या तीन खुणा. कोणी सांगितलं नसताना, कोणी बघत नसताना ते काम होतं का? एकदा सपशेल फसल्यावर मूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याकडे वळतं का? आणि त्या कामातला कंटाळवाणा भाग ते स्वतः करतं का? तिसरी खूण सगळ्यांत भरवशाची, आणि नेमकी तीच कोणी बघत नाही. केक करायला आवडतो म्हणणारी मुलगी मैदा काट्यावर तोलते का, भांडी घासते का, केक मध्ये बसला तर पुढच्या वेळी ओव्हनचं तापमान लिहून ठेवते का? हे सगळं होत असेल तर वहीत “प्रमाण पाळून बनवणं” लिहा. वरची सजावट आणि फोटो एवढंच तिचं असेल, तर तिचं क्रियापद “मांडणं, सजवणं” आहे. तेही चांगलंच आहे, पण त्याची वाट वेगळी.

आता फसवणाऱ्या गोष्टी. पहिली म्हणजे नुसतं बघणं. तीन तास गेम खेळणं, मालिका बघणं, रील बघणं यावरून काहीच सिद्ध होत नाही. तेच मूल गेमचे नियम बदलून भावंडांसाठी कागदावर नवा खेळ आखत असेल, तर ती नोंद. दुसरी म्हणजे आवडते सर किंवा बाई. “इतिहास आवडतो” याचा अर्थ पुष्कळदा “इतिहासाच्या बाई आवडतात” असा असतो. वर्ग बदलला, शिक्षक बदलले, तरी आवड टिकली का ते बघा. तिसरी म्हणजे जिवलग मित्र: तो सायन्सला, म्हणून हाही सायन्सला.

चौथी सगळ्यांत मोठी: मार्क. गणितात ९५ मिळाले म्हणजे गणिताचं डोकं आहे, हे गृहीत धरून दरवर्षी कितीतरी मुलं अकरावीत जातात आणि पहिल्या चाचणीत आपटतात. दहावीचे ९५ हे तेच ते प्रश्नप्रकार वीसदा सोडवून येऊ शकतात. ती मेहनत खरी असते आणि वाया जात नाही, पण तिच्यावरून मुलाला अनोळखी प्रश्नाशी झटापट करायला आवडतं का, हे कळत नाही. ते कळायला एक साधा उपाय आहे. क्लासमध्ये कधी न आलेला, पण नववीच्याच गणितावर सुटणारा एक प्रश्न द्या. अर्धा तास, उत्तर नाही, सूचना नाही. उत्तर बरोबर येतंय का याकडे लक्ष देऊ नका. पाच मिनिटांत “हे सिलॅबसमध्ये नाही” म्हणून वही मिटते, की आकृती काढून, खोडून, परत काढून चालू राहतं, तेवढं बघा. असं वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा. एका दिवसावर निकाल लावू नका.

आता ते ६२ मार्क. मार्क कमी असले तर का कमी, हे उत्तरपत्रिका उघडून बघा. विज्ञानात व्याख्या आणि “कारणे द्या” यांत मार्क गेले असतील आणि आकृत्या, उदाहरणं बरोबर असतील, तर अडचण विषयाची नसून लिहिण्याची आहे. उदाहरणंच चुकत असतील तर वेगळी गोष्ट.

बोलायचं असेल तर समोर बसवून बोलू नका. गाडीवर मागे बसलेलं असताना, शेंगा सोलताना, भांडी पुसताना विचारा, आणि विचारा ते कामाबद्दल: “काल कुठे अडलं होतं? मग काय केलंस?” ज्याला खरोखर गोडी असते त्याच्या उत्तरात बारीक तपशील येतो, त्या कामातले शब्द येतात. “मस्त होतं”, “बोअर झालं” एवढ्यावर थांबत असेल तर गोडी वरवरची. शेवटी वही घरातल्याच कोणाला न दाखवता, मुलाला बाहेर ओळखणाऱ्या दोघा-तिघांना विचारा: पीटीचे सर, मित्राची आई, मावशी. आई-वडिलांना वर्षानुवर्षं जे दिसत नाही ते मावशी एका वाक्यात सांगते.

चार आठवड्यांच्या शेवटी तीन क्रियापदं उरली पाहिजेत. आठ उरली तर तुम्ही पुन्हा विषयच लिहिलेत.

पायरी ३ : छोटे प्रयोग

प्रत्येक क्रियापदासाठी एक प्रयोग, साधारण बारा ते पंधरा तासांचा, आणि शेवटी हातात काहीतरी वस्तू. “कोडिंग शिकणं” हा प्रयोग नव्हे. “सोसायटीच्या वाचनालयातल्या पुस्तकांची नोंद ठेवणारी शीट करणं” हा प्रयोग. मोजणाऱ्याला ओळखीच्या सीएकडे चार दिवस व्हाउचर लावायला बसवा, समजावून सांगणाऱ्याला चौथीतल्या दोन मुलांना अपूर्णांक शिकवायला द्या, दुरुस्त करणाऱ्याला मिक्सर-पंख्यांच्या दुकानात न्या. गॅरेज, वर्कशॉप अशा धोक्याच्या जागी फक्त बघायचं, यंत्राला हात लावायचा नाही. मालकाला तसं आधीच सांगा.

तिथल्या माणसाला “या लाइनला स्कोप आहे का?” असं विचारू नका, कारण कोणीही स्वतःच्या धंद्याला एकतर शिव्या देतो किंवा डोक्यावर घेतो. “गेल्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत?” हे मुलालाच विचारू द्या. वकिलाचा मंगळवार बहुतेक तारखेची वाट बघण्यात आणि कागद लावण्यात जातो. हे ऐकूनही मूल टिकलं तर पुढे बोलू.

पायरी ४ : चाचणी

द्यायची तर आता द्या, आधी नको. कल चाचणी आवड मोजते, अभिक्षमता चाचणी क्षमता मोजते. दोन्ही वेगळ्या आहेत, आणि नुसत्या कल चाचणीवर शाखा ठरवू नये. मुंबईतली शासनाची व्यवसाय मार्गदर्शन संस्था, पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जा. अहवालासोबत समोर बसून चर्चा करणार का, हे आधी विचारा. वही बरोबर न्या. अहवाल आणि वही जुळत नसतील तर त्याच मुद्द्यावर प्रश्न विचारा. बोटांच्या ठशांवरून बुद्धी आणि करिअर सांगणारी ‘डीएमआयटी’ मात्र करू नका. तिला शास्त्रीय आधार नाही. तो हात बघण्याचाच महागडा प्रकार.

पायरी ५ : कुठली दारं बंद होतात

क्रियापदं घेऊन आता शाखांकडे या. सायन्समधून बारावीनंतर कॉमर्स किंवा आर्ट्सच्या पदवीला जाता येतं, उलटं सहसा जाता येत नाही. पण म्हणून “सेफ साइड सायन्स” हा सल्ला ऐकू नका. दोन वर्षं नावडतं शिकून पडलेले कमी मार्क पुढची दारं शाखेपेक्षा जास्त घट्ट लावतात. मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेसाठी जीवशास्त्र हवं, इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरला गणित. दोन्ही ठेवता येतात, पण अभ्यास दुप्पट वाटतो हे मुलाला आधी सांगा. एनडीएत लष्करासाठी कुठलीही शाखा चालते, नौदल आणि हवाई दलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. पाच वर्षांच्या लॉला कुठूनही जाता येतं. कॉमर्समध्ये गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेताना मार्कांपलीकडे बघा: पुढे अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र करायचं मनात असेल तर गणित सोडू नका.

हाताने करणाऱ्या, दोष शोधणाऱ्या मुलासाठी दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा आहे आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. इलेक्ट्रिशियन, फिटर हे आयटीआयचे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. “मार्क कमी पडले म्हणून डिप्लोमा” हे वाक्य मुलासमोर उच्चारू नका. चित्रकलेकडे वळायचं असेल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा शाळेत असतानाच उरकून घ्या.

पायरी ६ : निर्णय

पहिली आणि दुसरी पसंती मुलाने स्वतःच्या हाताने लिहायची, शेजारी कारण म्हणून वहीतल्या दोन नोंदी. मतभेद असेल तर वाद नोंदींवर घाला, शेजारच्या पोराच्या पॅकेजवर नको.

एक गोष्ट राहिली. अकरावी-बारावीच्या क्लासची दोन वर्षांची फी एकरकमी भरू नका, कितीही सवलत देवोत. हप्ते पाडून घ्या, आणि मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतील ते पावतीवर लिहून घ्या. अकरावीच्या दिवाळीपर्यंत शाखा चुकली की नाही ते कळतं, आणि तेव्हा भरलेल्या फीकडे बघून कोणी मुलाला तिथेच अडकवून ठेवायला नको.