कमेंट पुसण्याआधी एकदा वाचा: ब्रँडची गोष्ट सांगताना या चुका टाळा

बेळगावात कुंदा (दूध आटवून केलेली इथली मिठाई) विकणाऱ्या एका काकांच्या पेजवर पुण्याहून कमेंट आली : "कुंदा जळलाय का? एवढा काळपट का दिसतोय?" काकांनी ती पुसून टाकली. दोन दिवसांनी आणखी कुणी तेच विचारलं, तेही पुसलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मला फोन केला. "मुद्दाम बदनामी करायलेत गं ही माणसं. ब्लॉक कसं करायचं तेवढं सांग बघ."

मी म्हटलं, काका, ब्लॉक नको. उद्या पहाटे भट्टी पेटवाल तेव्हा मी येते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फक्त कढई दाखवली. उकळत्या दुधात थोडं दही पडलं तसं दूध फाटून दाणे धरू लागलं. मग साखर, आणि मग नुसतं ढवळणं. पांढरं दूध आधी सायीच्या रंगाचं झालं, मग बदामी, मग तांबूस तपकिरी. उलथनं कढईच्या तळाला घासल्याचा खरखर आवाज तसाच ठेवला, वर गाणं घातलं नाही. पहिल्याच फ्रेमवर त्या पुण्याच्या ग्राहकाचा प्रश्न लिहिला : "कुंदा जळलाय का?" आणि काकांनी ढवळता ढवळता उत्तर दिलं, "जळला असता तर कडू लागला असता. हा रंग आटवण्याचा."

त्याआधी त्या पेजवर "परंपरेची चव", "शुद्धतेची हमी" असल्या ओळी होत्या. त्यांतली एकही कुणाला आठवत नसेल. हा व्हिडिओ लोकांनी आपापल्या घरच्या ग्रुपवर पाठवला, कारण तो त्यांच्याच शंकेतून निघाला होता.

पहिली चूक : प्रश्नाला टीका समजणं

बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या पट्ट्यातल्या छोट्या धंद्यांची पेजेस मी बघते. सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होताना दिसतं. कमेंट चार प्रकारच्या असतात. कुणी विचारतो, कुणी तक्रार करतो, कुणी आठवण सांगतो आणि कुणी नुसती शिवी देतो. शिवी खुशाल लपवा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये ठरावीक शब्द आपोआप लपवायची सोय आहे, ती वापरा. बाकीचे तीन प्रकार पुसू नका. एकच प्रश्न दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला, तर आपण सांगत असलेल्या गोष्टीत तिथे भोक आहे. तक्रारीला आधी उत्तर आणि भरपाई द्या. त्या तक्रारीची गोष्ट करायची की नाही, ते नंतर बघता येतं.

दुसरी चूक : फक्त मराठी कमेंट वाचणं

ही चूक खास आपल्या भागातली, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलते.

आपलं पेज मराठीत असतं आणि आपण मराठीत विचार करतो, म्हणून नजर मराठी कमेंटवरच थांबते. पण आपल्या दुकानाच्या पायरीवर कोण कोण उभं असतं ते आठवा. गोकाक-चिकोडीचा कन्नड बोलणारा, खानापूरच्या पलीकडून आलेला कोंकणी, कॅम्पातला दख्खनी उर्दू बोलणारा. ही सगळी माणसं कमेंटमध्येही येतात. "रेट एष्ट री?" (किंमत किती?), "भाळ चलो ऐती" (फार छान आहे) अशा कमेंट बहुतेक वेळा रोमन लिपीत आणि बोलीत असतात. भाषांतराचं बटण तिथे बऱ्याचदा हात टेकतं. अशा कमेंट न वाचता तशाच सोडल्या, तर लिहिणाऱ्याला वाटतं, यांना आपण नको आहोत. आपल्या मनात तसं नसतं. पण त्याला ते कसं कळणार?

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका साडी दुकानाच्या पेजवर मी सहा महिन्यांच्या कमेंट शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या मुलीला सोबत बसवून वाचल्या. मराठी बायका रंग विचारत होत्या. कन्नड बायका वारंवार एकच विचारत होत्या : हिच्यावर कसला खण शोभेल? दुकानात गुळेदगुड्डचे खण ढीगभर होते, पण साडीसोबत खण दाखवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या पोस्टमध्ये साडी आणि खण शेजारी ठेवले. मथळा दोन ओळींचा, एक मराठी, एक कन्नड. कन्नड ओळ त्या मुलीकडूनच लिहून घेतली, कारण पुस्तकी कन्नड इथल्या बायकांना परकी वाटते.

एक गोष्ट नीट वेगळी काढा. "बेळगाव लिहिलं, बेळगावी का नाही?" किंवा त्याच्या उलट, अशा कमेंट आपल्याकडे येणारच. नाव २०१४ साली सरकारी कागदावर बदललं, लोकांच्या तोंडी दोन्ही आहेत. १ नोव्हेंबरच्या (कर्नाटकाचा राज्योत्सव, इथल्या अनेक मराठी माणसांचा काळा दिवस) आसपास तर मिठाईच्या फोटोखालीही हा वाद पेटतो. त्यामागची दुखणी खरी आहेत, मला त्यांची किंमत आहे. पण त्या कमेंट तुमच्या मालाबद्दल नसतात, म्हणून त्यांच्या आधारे मालाची गोष्ट बदलू नका. उत्तर द्यायचंच असेल तर एकदा, सभ्य शब्दांत, आणि ज्या भाषेत विचारलं त्याच भाषेत द्या. त्या आठवड्यात नवीन मालाची मोठी पोस्ट टाकू नये, असं मी सगळ्यांना सांगते.

तिसरी चूक : गोष्ट खऱ्यापेक्षा देखणी करणं

बेळगावच्याच वडगाव भागातल्या एका विणकर घरातल्या मुलाने रील टाकली, वर लिहिलं "हातमागाची साडी". खाली एका आजोबांची कमेंट : "बाळा, हा खटखट आवाज यंत्रमागाचा आहे. मी चाळीस वर्षं हातमागावर बसलोय." मुलगा घाबरून रीलच काढायला निघाला होता. आम्ही रील ठेवली, मथळा दुरुस्त केला आणि आजोबांना उत्तर दिलं, "बरोबर आहे आजोबा, चुकलं. मथळा बदललाय."

मग त्या घरात बसून विचारलं, तर कळलं की त्या मुलाच्या स्वतःच्या आजोबांचा हातमाग होता, वडिलांनी यंत्रमाग घेतला. ही गोष्ट लपवण्यासारखी थोडीच आहे? वडगाव-खासबागेतल्या कितीतरी घरांची हीच कहाणी. रात्री गल्लीतून जाताना येणारा तो आवाज आपण सगळ्यांनी ऐकलाय. आता पेजवर यंत्रमाग असंच लिहिलेलं असतं. कायद्याच्या बाजूनेही हेच बरं. हातमागाच्या मालासाठी वेगळं हँडलूम मार्क आहे, आणि यंत्रावरचं कापड हातमागाचं म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

चौथी चूक : "अस्सल कोण" या भांडणात पुराव्याशिवाय उतरणं

"पहिला कुंदा आमचाच" असं चार दुकानं लिहितात आणि कमेंटमध्ये चौघांचे नातेवाईक भांडतात. ऐकीव गोष्ट सांगा, पण "आमच्या घरात असं सांगतात" असं म्हणून सांगा.

पुरावा असेल तेव्हा मात्र गप्प बसू नका. अथणी, निपाणीकडच्या चप्पल कारागिरांना हमखास ऐकावं लागतं : "कर्नाटकात केलेली कोल्हापुरी म्हणजे डुप्लिकेट." कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) आठ जिल्ह्यांना मिळून आहे : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. ही यादी पेजच्या वर पिन करा. सोबत बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं कातडं, चामड्याच्या वादीने घातलेली शिवण, हे जवळून दाखवा.

कमेंटमध्ये किती ताकद असते ते जून २०२५ मध्ये दिसलं. प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि भारताचं नावही घेतलं नाही. लोकांनी सोशल मीडियावर इतकं धारेवर धरलं की कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं पत्र लिहून मान्य केलं. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. एवढ्या मोठ्या ब्रँडला गोष्टीतून वगळलेल्या माणसांना परत आत घ्यावं लागलं. तुमच्या गोष्टीत वादी ओवणाऱ्या बाईचा हात दिसतो का, तेवढं तपासून बघा.

पाचवी चूक : ग्राहकाची आठवण न विचारता वापरणं

एका निवृत्त जवानाने लिहिलं होतं की मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावातल्या सेंटरला ट्रेनिंग संपवून पहिल्यांदा घरी जाताना त्याने ट्रंकेत कपड्यांच्या घडीत कुंद्याचा डबा ठेवला होता. असली कमेंट सोन्यासारखी असते. लगेच स्क्रीनशॉट काढून जाहिरात करण्याचा मोह होतो, पण तो आवरा. मेसेज करून विचारा, नाव द्यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी त्या ट्रंकेचा फोटोच पाठवला.

अडलं तर काय बघायचं

लाइक भरपूर आणि ऑर्डर नाही, असं असेल तर सेव्ह आणि शेअर किती झाले ते बघा. इनसाइट्समध्ये (पेजची आकडेवारी दिसते तिथे) बघणाऱ्यांची शहरंही दिसतात. बघणारे पुण्या-मुंबईचे आणि तुम्ही पार्सल पाठवता की नाही हेच कुठे लिहिलेलं नाही, असं मी अनेक पेजवर पाहिलंय.

कमेंटच येत नसतील तर "कसं वाटलं?" असं विचारू नका, त्याला कुणी उत्तर देत नाही. "तुमच्या घरी कुंदा पुरीबरोबर खातात की नुसता?" असं विचारा.

एकाच माणसाची तिखट कमेंट आली म्हणून अख्खी गोष्ट बदलू नका. तसंच दुसऱ्या कुणी तसं म्हटलं नाही म्हणून ती सोडूनही देऊ नका. वहीत लिहून ठेवा.

आणि वही खरंच ठेवा, साधी दोनशे पानी. व्हॉट्सअॅपवर आलेले, फोनवर आलेले, काउंटरवर विचारलेले प्रश्न सगळे एकाच जागी, विचारणाऱ्याच्याच शब्दांत लिहा. काकांच्या वहीत परवा नवीन ओळ होती, "विमानातनं नेता येतंय काय वो?" पुढच्या रविवारी आम्ही डबाबंद करण्याचं चित्रीकरण करणार आहोत.