बाथरूममध्ये सॉकेट नाही म्हणून एक्स्टेंशन ओढू नका

यूकेत नवीन आलेल्या आपल्या मंडळींचा पहिल्या आठवड्यातला ठरलेला प्रश्न म्हणजे दादा बाथरूममध्ये प्लग पॉइंटच नाहीये, लँडलॉर्डला सांगू का. सांगू नका, तो मुद्दामच दिलेला नसतो. आपल्याकडे गिझरचा पॉइंट, मशीनचा पॉइंट सगळं बाथरूममध्ये असतं त्यामुळे चुकल्यासारखं वाटतं. इथे टब किंवा शॉवरच्या कडेपासून अडीच मीटरच्या आत साधं सॉकेट बसवता येत नाही, 2022 पर्यंत तर हे अंतर तीन मीटर होतं, आणि भाड्याच्या घरातलं बाथरूम बहुतेक वेळा तेवढं मोठं नसतंच. वॉशिंग मशीन किचनमध्ये का असतं त्याचं एक मोठं कारण हेच. लाइटला दोरी असते किंवा बटण दाराबाहेर, तेही ओल्या हाताने स्विचला हात लागू नये म्हणून.

मग आरशाजवळ दोन भोकांचं छोटं सॉकेट दिसतं ते काय? ते शेव्हर सॉकेट. त्याच्या आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, तो मेन लाइनपासून करंट वेगळा ठेवतो. दाढीचं मशीन आणि इलेक्ट्रिक टूथब्रश, एवढंच त्यावर चालवायचं. हेअर ड्रायर, इस्त्री बेडरूममध्ये.

आता खरं सांगायचंय ते रॉडबद्दल. आमच्या दुसऱ्या हिवाळ्यात घराला गरम पाणी देणारा बॉयलर बंद पडला, दुरुस्तीचा माणूस दोन दिवसांनी येणार होता आणि आई नाशिकहून येताना बॅगेत पाणी तापवायचा रॉड घेऊन आलेली. मी बेडरूममधून एक्स्टेंशन काढून दाराखालून आत नेलं, अडॅप्टर लावून रॉड बादलीत सोडला. अडॅप्टरची वरची पिन नुसती प्लास्टिकची होती, म्हणजे अर्थिंग नव्हतंच, ते मी बघितलंच नाही. आईने एक हात नळावर ठेवून दुसऱ्या हाताचं बोट पाण्यात घातलं, गरम झालं का बघायला, आपण सगळेच बघतो तसं. ती ओरडली आणि त्याच क्षणी अर्धं घर अंधारात गेलं. आरसीडी, म्हणजे फ्यूज बॉक्समधला सुरक्षेचा स्विच, ट्रिप झाली म्हणून आई वाचली. 30 मिलीअँपिअरची गळती झाली की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडते. आईचा हात दोन दिवस दुखत होता. आजही ती बादली डोळ्यासमोर आली की पोटात गोळा येतो माझ्या.

ओल्या अंगातून करंट जास्त सहज जातो, त्यात आपण अनवाणी आणि हात नळावर, म्हणून जो झटका बेडरूममध्ये नुसता झिणझिण्या आणेल तो बाथरूममध्ये जीव घेऊ शकतो. फोनचं चार्जर पाच व्होल्टचं आहे म्हणून चालतं असंही नाही, त्यामागच्या एक्स्टेंशनमध्ये 230 व्होल्ट असतात आणि ते फरशीवर ओल्या पायांत पडलेलं असतं.

आणखी एक आपली सवय, इथल्या सॉकेटच्या वरच्या भोकात पेन खुपसून झडप उघडायची आणि भारतातली दोन पिन आत घालायची. कृपा करून करू नका. ती झडप लहान मुलांसाठी असते आणि इथल्या प्लगमध्ये फ्यूज असतो तो तुमच्या पिनेत नसतो. चांगलं अडॅप्टर घ्या, त्याहून चांगलं म्हणजे इथलंच चार्जर घ्या.

घर भाड्याने घेताना फ्यूज बॉक्स उघडून बघा, T लिहिलेलं बटण असेल तर आरसीडी आहे, ते सहा महिन्यांनी एकदा दाबून बघायचं, स्विच खाली पडला पाहिजे. बटण नसेल किंवा स्विच पडला नाही तर एजंटला लेखी कळवा. इंग्लंडमध्ये वायरिंगची तपासणी निदान दर पाच वर्षांनी करून घेणं लँडलॉर्डला बंधनकारक आहे, त्या रिपोर्टला ईआयसीआर म्हणतात, राहायला जायच्या आधीच कॉपी मागा, मागायला लाजू नका. गरम पाण्याची सोय चालू ठेवणंही 1985 च्या कायद्याने लँडलॉर्डचंच काम आहे, बॉयलर बंद पडला तर त्याच दिवशी ईमेल टाका. तोवर किचनमध्ये केटलने पाणी उकळा, बादलीत आधी गार पाणी घ्या मग उकळतं ओता, दोन-तीन केटलीत एका माणसाची आंघोळ होते.

आणि आई-बाबा येणार असतील तर ते बॅग भरत असतानाच फोन करून सांगा, रॉड तिकडेच ठेवा म्हणून.