माटोळीखालचा फोटो आणि भर उन्हातला फोटो

लेन्स पुसा, फ्लॅश बंद करा, झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जा. एवढं प्रत्येकाला जमतं. यात ज्याला शंका असेल त्याने घरातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारावं.

खरी गोची होते आपल्या गोव्यातल्या घरात, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तर हमखास. मला सगळ्यात जास्त रडवलं ते याच फोटोंनी. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, एखादी खिडकी, छपरात काचेचं कौल, मूर्तीमागे लुकलुकणारी तोरणं आणि वर ट्यूबलाइट. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. कॅमेरा एका वेळी एकाच रंगाच्या उजेडाशी जुळवून घेतो, म्हणून आजीचा अर्धा चेहरा हळदीचा आणि अर्धा आजाऱ्यासारखा दिसतो. दिवसा फोटो काढायचा असेल तर घरातले दिवे सरळ घालवा. घरचे कुरकुरतील, कुरकुरू द्या. माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर उभं करा, तोंड खिडकीकडे. पाठ खिडकीला लावली की चेहरा काळा पडणारच. काचेच्या कौलाखाली कुणाला उभं करू नका. उजेड टाळूवर पडतो आणि डोळ्यांच्या खोबणी होतात.

आता उजेड किती, हा प्रश्न. समोर काय आहे हे कॅमेऱ्याच्या मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या भागाला, कळत नाही. जे दिसेल ते मधल्या करड्या रंगाइतकं उजळ करायचं, एवढंच तो जाणतो. फोन आता बरेच हुशार झालेत, पण हा मूळ स्वभाव गेलेला नाही. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेली चौकट. तिला सुपारीचे घोस, नारळ, चिबूड, आंब्याचे टाळे, मागे अंधारा कोपरा. सगळं गडद. कॅमेरा ते उजळायला जातो आणि गणपतीचा चेहरा पांढराफटक होतो. म्हणून फोनच्या पडद्यावर बोट मूर्तीच्या चेहऱ्यावर दाबून धरा, फोकस लॉक झाला की बाजूला दिसणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. कॅमेऱ्यावर हेच काम एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन करतं: उणे एकपासून सुरुवात करा. पणजीतल्या पायऱ्यांच्या पांढऱ्या चर्चसमोर नेमकं उलट. तिथे कॅमेरा पांढऱ्याचा करडा करतो, तेव्हा सूर्य वर, अधिक एक. "ऑटोवर ठेवा, तो बघून घेईल" म्हणणाऱ्यांनी या दोन जागी एकदा जाऊन यावं.

फोटोत आडवे पट्टे येतात? ते स्वस्त एलईडी दिव्यांचं काम. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग आपण हाताने ठरवतो) शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवलं की पट्टे बहुधा जातात. आरतीत टाळ्या चालू असतात, तेव्हा १/५० वर हात पुसट येतील. १/१०० घ्या आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६००, अगदी ३२०० पर्यंत न्या. फोटोत दाणे दिसले तर चालतं. हललेला फोटो मात्र ॲपने क्वचितच नीट सुधारतो.

बाहेरचं सोपं आहे. दुपारी बाराच्या उन्हात माणसांचे फोटो काढू नका. काढायचेच असतील तर झाडाच्या सावलीच्या कडेला. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर सूर्यास्ताकडे पाठ करून सगळे उभे राहतात आणि सगळेच काळे येतात. त्यांना थोडं वळवा, ऊन गालावर बाजूने पडू दे. पणजीतल्या फोंताइन्यास या जुन्या वस्तीच्या रंगीत भिंतींना सकाळ बरी, पण त्या घरांत माणसं राहतात, पायऱ्यांवर चढून पोझ देऊ नका. देवळात गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय नाही.

पावसाळी ढगाळ दिवस चेहऱ्यांसाठी उत्तम, सगळीकडून मऊ उजेड. फक्त एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नका, लेन्सवर बाष्प धरतं. पुसत बसलात तर पुन्हा धरेल. दहा-पंधरा मिनिटं बॅगेतच राहू द्या, तोवर चहा घ्या.