आधारची झेरॉक्स देताना
बेळगावजवळच्या खानापुरात माझं झेरॉक्सचं दुकान. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये आले नाहीत की बायका आधार घेऊन येतात. मावशी, झेरॉक्सवर ‘फक्त रेशनकार्डासाठी’ आणि तारीख लिहा, तीही मजकुरावर आडवी. कोपऱ्यात लिहिलेलं कापता येतं. लॉजवाल्याला मास्क्ड आधार पुरे. आधारच्या वेबसाइटवर मिळतं, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याचे ठसे वगैरे, लॉक करून ठेवा, पण रेशनला जाण्याआधी उघडा, नाहीतर मशीन अंगठा घेत नाही आणि दुकानदाराशी उगाच वाद. ओटीपी कन्नडात मागो की मराठीत, द्यायचा नाही. पैसे गेलेच तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मग बँक. आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला आधार माझ्या कॉम्प्युटरवरून समोरच डिलीट करून घ्या. मला राग येत नाही.